अनुयायी कुठे आहे?



 

समाजशास्त्र परिषदेच्या अध्यक्षानं विषयाचा, म्हणजे इथे गुरू आणि त्यांच्या पंथांच्या अभ्यासाचा, आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचं भारतीय साधूंवरचं पुस्तक १९५३ मध्ये आलं. पुढे रजनीश, इस्कॉन, स्वाध्याय यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. या लेखनात गुरू भेटतो. त्याची प्रवचनं, आश्रम, जमिनी, वारसाहक्काचे वाद, मंत्र्यांच्या भेटी, सगळं भेटतं. त्याच्यापुढे मांडी घालून बसलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. आढावा इथेच थांबवते, कारण हे एवढंच सांगायला मी कितीतरी वर्षं थांबले आहे.

काल दुपारच्या सत्रात दोन बाजू हिरिरीनं भांडल्या. एक म्हणाली, अनुयायी फसवला जातो. दुसरी म्हणाली, आधुनिकतेनं अस्वस्थ झालेला माणूस आधार शोधतो. दोघींनीही एकाही अनुयायाचं वाक्य उद्धृत केलं नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात मी बरीच वर्षं जाते आहे. तिथली एक मासळी विकणारी बाई दर आठवड्याला दासबोधाच्या बैठकीला जाते. तुला तिथे काय मिळतं, असं मी विचारलं. मोक्ष, मनःशांती असलं काही ती बोलली नाही. म्हणाली, "बाई, तेवढा वेळ मला कोन हाक मारत नाय." माहेरी जायचं तर सासूची परवानगी लागते, बैठकीला जाताना सासू अडवत नाही, उलट नातवंडं सांभाळते. नवऱ्याची दारू सुटली, हेही तिनं सांगितलं, पण नंतर आणि सहज. हीच बाई चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला जाते. घरात गजानन महाराजांची तसबीर आहे. वेबर आणि ट्रॉल्श यांनी चर्च आणि पंथ असे जे भेद केले, त्यांतल्या कोणत्या खणात तिला बसवायचं? ते भेद युरोपातल्या ख्रिस्ती समाजावरून केलेले, तिथे ठीक होते. आपण मात्र विद्यार्थ्यांकडून ते पाठ करून घेतो आणि कोळीवाड्याकडे पाठ फिरवतो.

अनुयायांत जाऊन काय कळतं, याची उदाहरणं आहेत. लंडनच्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी मूनी या नव्या धार्मिक पंथावर १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या काळी तिथली वर्तमानपत्रं मेंदूधुलाईच्या बातम्यांनी भरलेली असत. बार्कर या पंथाच्या केंद्रांत जाऊन राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलल्या. पंथाच्या कार्यशाळेला आलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक पंथात गेलेच नाहीत, असं त्यांना आढळलं. जे गेले, त्यांतलेही बहुतेक थोड्या वर्षांत बाहेर पडले. आपल्याकडे इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर चालल्या, म्हणूनच भजन एकत्र आणि जेवण जातवार, ही गोष्ट त्यांच्या नजरेस आली. ती कुठल्या फडाच्या कचेरीत बसून कळली नसती.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ माणसं उष्म्यानं दगावली. त्यानंतर वाहिन्यांवर मंडप, सरकार आणि पुढारी यांची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पुरस्कार घेणाऱ्या गुरूंचे लाखो श्रीसदस्य, म्हणजे दासबोधाच्या बैठकींना जाणारे अनुयायी, भर उन्हात का बसून राहिले, उठून का गेले नाहीत, हा प्रश्न आपला होता, समाजशास्त्राचा. आपण तो विचारला नाही. याचा मला आजही राग येतो.

संस्थांना मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. पैसा, जमीन, जात, बाईला मिळणारं दुय्यम स्थान, सगळं विचारा. पण तेही सतरंजीवर बसणाऱ्यालाच विचारा. त्याला ते ठाऊक असतं आणि त्याची स्वतःची मतंही असतात.

परिषदेनं यासाठी एक अभ्यासगट नेमावा. जिल्हावार मुलाखतींचा संग्रह करता येईल. तपशील कार्यकारिणीनं ठरवावा. तरुण संशोधकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या अधिवेशनाला निबंध पाठवण्याआधी कुठल्या तरी बैठकीला जा, पारायणाला जा, सत्संगाला जा, आणि एकदा जाऊन परत येऊ नका, जात राहा. ज्या निबंधात अनुयायाचा आवाज नसेल, तो वाचनासाठी स्वीकारू नये, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्यानं कार्यकारिणीपुढे आजच ठेवते आहे.