जमावबंदी आणि मोटारसायकलवाली पोरे



पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर रात्री मोटारसायकली लावून पोरे घोळक्याने उभी राहतात. पोलिसांनी त्यांना उभे राहण्याचीच मनाई करावी काय?

आम्हां युनियनवाल्यांना जमावबंदी नवी नाही. १९५१ च्या पोलीस कायद्याचे ३७ वे कलम आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर पाठ केले. हुकूम पंधरा दिवसांचा. ते सरले की दुसरा निघतो! त्याला माणसे मोजता येतात, ओळखता येत नाहीत. हॉटेलापुढे ऑर्डरची वाट पाहणारी, पाठीवर पेटी बांधलेली पोरेही त्याच्या लेखी जमावच. ती तेथे हौसेने उभी नसतात. त्यांना टेकायला दुसरी जागा कोणी दिली आहे?

धुडगूस चालू द्या, असे आम्ही म्हणत नाही. सायलेन्सरच्या फटफटाटाने आजारी माणसाची झोप मोडते, ती तक्रार रास्त आहे. पण त्यासाठी आणि रस्त्यावरच्या शर्यतींसाठी मोटार वाहन कायदा आहेच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा बळी घेतला. ती सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. चौकातल्या जमावबंदीने ती मोटार थांबली असती काय? ती घराच्या फाटकातच अडवायला हवी होती.