खापर कुठून आले? प्रवराकाठची साक्ष

सोने वितळवतात, तांबे पुन्हा ओततात, लाकूड कुजते. फुटलेल्या मडक्याला मात्र कोणी हात लावत नाही. ते पडते तिथेच राहते. म्हणून लिपी नसलेल्या काळात कोणाची कोणाशी ये-जा होती, हे शोधणारा संशोधक आधी खापरांकडे वळतो. त्यासाठी अहिल्यानगरकरांना दूर जायला नको. प्रवरेच्या काठच्या पांढरी, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या जागा, या खापरांनी भरलेल्या आहेत.

संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केले. तांब्याच्या सहा कुऱ्हाडी याच गावच्या. पण गावाचे नाव भारतभर गेले ते मडक्यांमुळे. चाकावर घडवलेली, तांबूस-केशरी, काळ्या रंगाने चितारलेली, टिचकी मारली की खणखणणारी ही भांडी. त्यांतले तोटीचे भांडे आणि मधोमध कंगोरा असलेला वाडगा अभ्यासकाला लांबूनही ओळखू येतो.

पण भांडे ओळखले म्हणजे व्यापार सिद्ध झाला असे नाही. घाई होते ती इथेच. एकाच घाटाचे खापर दोन गावांत निघाले, तर तीन शक्यता उरतात: भांडे गेले, कुंभार गेला, किंवा नुसती रीत गेली आणि तिथल्या कुंभाराने तिथल्याच मातीत ती उतरवली.

निवाडा मातीत असतो. खापराची चकती कापून काचेवर चिकटवतात आणि 0.03 मिलिमीटर इतकी पातळ होईपर्यंत घासतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मातीतले खनिजकण ओळखता येतात. दुसरी वाट रासायनिक आहे: क्ष-किरणांच्या किंवा न्यूट्रॉनच्या माऱ्याने मातीतली मूलद्रव्ये मोजायची आणि नदीकाठच्या मातीशी ताडून पाहायची.

महाराष्ट्रात मात्र एक मोठी अडचण आहे. प्रवरा, गोदावरी, भीमा या साऱ्या नद्या बेसाल्टच्या काळ्या दगडावरून वाहतात, त्यामुळे त्यांच्या गाळाची जात जवळपास एकच. जोर्व्याचे मडके भीमेच्या खोऱ्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावी गेले, तरी भिंगाखाली ते परके दिसेलच असे नाही. अशा वेळी अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांचा बारीक फरकच कामाला येतो. कर्नाटकातल्या ग्रॅनाइटच्या मुलखातली माती मात्र सहसा आपल्या खनिजांनीच वेगळी पडते.

या प्रश्नासाठी श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादइतकी चांगली जागा दुसरी नाही. बोपर्डीकरांनी 1958 मध्ये ती शोधली; पुढे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी तिथे खोदले. थरावर थर पाच. तळाशी तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने ओळखली जाणारी भांडी. त्यावर, सुमारे इ.स.पू. 2000 ते 1800 या काळात, उत्तर हडप्पाची लाल भांडी, सिंधू लिपीची चिन्हे असलेली खापरे आणि बटणासारख्या मातीच्या दोन मुद्रा. मुद्रा आणि लिपी सोबत आली म्हटल्यावर नुसती रीत उचलली गेली, असे म्हणणे अवघड जाते. हडप्पा परंपरेतली माणसेच इथवर पोचली असावीत. त्यानंतर पिवळसर-साय रंगाची भांडी, मग माळव्याची, आणि सर्वांत वर जोर्व्याची.

याच गावात 1974 साली बैलांच्या रथाचे, हत्तीचे, गेंड्याचे आणि रेड्याचे कांस्यशिल्प मिळाले. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. देखण्या वस्तू, पण त्या उत्खननात नव्हे, अवचित मिळाल्या, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत अजून वाद आहे. थरात सापडलेल्या खापराला ही अडचण येत नाही.

माळव्याचा धागा तर नगरकरांना विशेष जवळचा वाटावा. चौंडीच्या अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर. तिथून नर्मदेच्या पलीकडे नावडातोडी. माळवा भांड्यांचे ढीग सांकळियांना तिथेच मिळाले, आणि वरच्या थरांत जोर्वे पद्धतीची भांडीही आली. म्हणजे वाट दोन्ही अंगांनी चालू होती. दक्षिणेकडेही पाहावे लागते. नेवाशाला मुले पुरण्यासाठी तोंडाला तोंड लावून ठेवलेले राखी रांजण कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन भांड्यांशी नाते सांगतात. रोजच्या जेवणाची भांडी उत्तरेच्या वळणाची आणि दफनाचे रांजण दक्षिणेच्या वळणाचे: प्रवराकाठी दोन्हीकडचे संस्कार एकाच घरात नांदत होते. व्यापाराच्या हिशेबात न मावणारी ही गोष्ट खापरांतूनच कळते.

नेवाशाच्या लाडमोड टेकाडाने पुढच्या काळाचाही पुरावा दिला आहे. तिथे रोमन काळातले दुहेरी मुठींचे मद्यकुंभ मिळाले होते. गुप्ता, विल्यम्स आणि पीकॉक यांनी 2001 साली त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. इटलीतल्या नेपल्सजवळच्या कंपानिया भागातल्या अशा कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू असते. ती साध्या भिंगानेही दिसते. रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतभरची अशी खापरे पुन्हा तपासली, तेव्हा रोमन म्हणून नोंदलेल्यांपैकी कित्येक इराकच्या बाजूच्या लांबट रांजणांची निघाली. त्यांच्या आतून डांबर फासलेले असते. साठवणीच्या पेट्या त्याच, खापरे तीच. फक्त त्या पेट्या उघडून कोणीतरी खापरे पुन्हा निरखून पाहिली होती.