सुताराच्या पोराने पुन्हा सुतारकाम का शिकावे?



या व्यासपीठावर दर वसंतात मोठमोठे पंडित बोलून जातात. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा मॅट्रिकच्या अलीकडेच सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, रात्री सभा आटोपल्यानंतर. चालकांनी कामगार चळवळीवर बोला असे सुचवले. आम्ही म्हटले, चळवळीवरच बोलू, पण आरंभ खुर्चीपासून करू. आपण सर्व या घटकेला खुर्च्यांवरच बसलेले आहात, तेव्हा विषय कोणाला परका वाटू नये.

मागे एक सुतार आमच्या कचेरीत आले. मुलाला आयटीआयमध्ये लाकूडकामाला घालावे की नाही, हा त्यांचा प्रश्न. म्हणाले, "भाऊ, सुताराच्या पोराने पुन्हा सुतारकामच शिकायचे, तर त्याला सरकारी शाळा कशाला? ते घरी फुकट मिळते." प्रश्न खोटा नव्हता. आमचे स्वतःचे वडील सुतार होते आणि आम्हीही रंधा त्यांच्याकडूनच धरायला शिकलो. म्हणून आज या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहोत.

प्रथम लाकडाची गोष्ट घ्या. पावसाळ्यात आपल्या कपाटाचे दार अडते आणि उन्हाळ्यात त्याच्या फळीला चीर पडते. आपण सुताराला दोन शिव्या देऊन मोकळे होतो. खरे कारण असे की, लाकूड हवेतला ओलावा घेते आणि परत सोडते. त्यात ते लांबीत जवळजवळ मुळीच बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने जितके आक्रसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आक्रसते. म्हणून रुंद फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडली की ती फुटायचीच. तिला हलायला जागा ठेवावी लागते. प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवतात ते याचसाठी, म्हणजे एक थर दुसऱ्याला हलू देत नाही. आमच्या वडिलांच्या हाताला हे सारे ठाऊक होते. पण का, ते त्यांना सांगता येत नसे. त्यांना ते कळायला वीस वर्षे आणि अनेक फुटलेल्या फळ्या लागल्या. चांगला निदेशक तेच फळ्याजवळ उभे राहून एका सकाळी समजावतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या मापाची. वडिलांनी आईसाठी सागाचे एक देखणे कपाट केले होते. सांधा असा की केस शिरू नये. पण वरचा कप्पा त्यांनी स्वतःच्या उंचीने बसवला, आणि आई पुढची तीस वर्षे पाटावर चढून डबे काढत राहिली. वस्तू वापरणाराचे माप आधी घ्यावे, हा साधा विचार त्यांना कोणी शिकवला नव्हता. फर्निचरच्या अभ्यासात तो पहिला धडा असतो. गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंतचे अंतर मोजल्याशिवाय खुर्चीची उंची ठरवायची नाही. शाळेच्या बाकावर ज्या मुलांचे पाय लोंबकळतात, त्यांच्यासाठी हा धडा कोणी तरी विसरलेला असतो.

तिसरी गोष्ट आराखड्याची, आणि येथेच आमची चळवळ येते. तरुणपणी आम्ही ज्या कारखान्यात होतो, तेथे गोल करवतीचे झाकण काढून ठेवलेले असे, कारण त्याने काम मंदावते. एके दिवशी लाकूड पात्यात आवळले, उलट उसळले, आणि एका पोराची दोन बोटे गेली. मालक म्हणाले, "निष्काळजीपणा." आम्ही सारे खवळलो, घोषणा दिल्या, पण यंत्रात काय कमी होते ते आम्हांला नेमके मांडता येईना. अधिकाऱ्यापुढे बोलणी झाली तेव्हा आमच्यातला एकच जण, आयटीआय झालेला, कागद-पेन्सिल घेऊन पुढे झाला. त्याने पाते काढले, पात्यामागे चिरलेले लाकूड विलग ठेवणारी पट्टी काढली, वरचे झाकण काढले, आणि प्रत्येकाला माप घातले. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने यंत्राला आडोसा घालणे बंधनकारक होते, हे आम्ही शंभरदा ओरडून सांगितले होते. त्या कागदाने ते एकदाच सांगितले. आठवड्यात झाकण बसले. बोटे परत आली नाहीत. त्या दिवसापासून ज्याला आराखडा काढता येतो त्यालाच हक्क नीट मागता येतो, असे आमचे मत झाले आहे.

आता याची दुसरी बाजू पाहा. 1950 नंतर चंदीगड वसले, तेव्हा तेथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. आराखडे मुख्यतः पिएर जानरे यांच्या नावावर आहेत. पुढे त्या खुर्च्या मोडक्या सामानाच्या ढिगात पडल्या, व्यापाऱ्यांनी स्वस्तात उचलल्या, आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखो रुपये येऊ लागले. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीस मनाई करावी लागली. जानरे मोठे कलावंत, त्यांचे नाव राहिले यात गैर काही नाही. पण ज्या कारागिरांनी तो साग तासला, त्यांची नावे लिलावाच्या यादीत नसतात. कागदावर नाव राहते, लाकडावर राहत नाही. हाताने कागदही आपलासा करावा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आणि हे घडू शकते. इंग्लंडात हाय विकम नावाचे खुर्च्या करणाऱ्यांचे गाव आहे. रॉबिन डे तेथे 1915 साली जन्मले. त्यांनी शिक्षण गावातल्याच तांत्रिक आणि कला शाळांत घेतले, काही काळ फर्निचरच्या कारखान्यात काम केले, आणि मग ते लंडनला शिकायला गेले. 1963 साली बाजारात आलेली त्यांची पॉलिप्रॉपिलीनची, एकात एक रचता येणारी खुर्ची जगभर शाळा-सभागृहांतून पोहोचली. खुर्च्यांच्या गावच्या मुलाने खुर्चीचा आराखडा काढला, तो असा.

त्याच गावाने जगाला आणखी एक गोष्ट शिकवली. तेथल्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले की, फर्निचर कामगारांत नाकाच्या आतल्या कर्करोगाचे रोगी फार आढळतात. 1960 नंतरच्या तपासणीत बोट लाकडाच्या भुशाकडे गेले, आणि 1995 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी ठरवली. आम्ही सोळाव्या वर्षी तोंडाला फडकेही न बांधता दिवसभर पॉलिशपेपर घासत असू. घरचे शिक्षण फुकट मिळते खरे. पण त्याची किंमत कधी कधी अशी उशिरा चुकवावी लागते. धूळ ओढून घेणारा पंखा आणि मुखपट्टी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, श्रीमंतीचा थाट नव्हे.

आमच्या या संस्था आदर्श आहेत असे आम्ही म्हणणार नाही. 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. तरीही कित्येक ठिकाणी यंत्र बंद असते आणि शिकाऊ उमेदवाराच्या हातात झाडू असतो. त्यासाठी भांडणे आमचे काम आहे, आणि ते आम्ही करू. पण एक गोष्ट या शाळांनी निर्विवाद केली. गावगाड्यात सुतारकी बापाकडून मुलाकडेच जात असे. या शाळांचे दार कोणत्याही जातीला बंद नाही, आणि मुलीही तेथे रंधा धरू शकतात.

आपणांकडे आमचे मागणे एवढेच. नापासांची जागा म्हणून त्या शाळेकडे बोट दाखवू नका. एकदा आत जाऊन पाहा. घरी काम काढाल तेव्हा सुताराला आधी आराखडा मागा, आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

त्या सुतारभाऊंना आम्ही हेच सांगितले. म्हटले, घरी तुम्ही त्याला हात द्या. तेथे त्याला त्या हाताची भाषा मिळेल. दोन्ही मिळाले तर त्याला कोणी स्वस्तात घेणार नाही. ते बराच वेळ गप्प बसले, मग अर्ज कोठे मिळतो ते विचारून गेले.