फिशटँकमधल्या पिल्लांचा खाऊ

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या कितीतरी घरांत फिशटँक असतो. गप्पी, फायटर यांना डासांच्या अळ्या फार आवडतात. महापालिकासुद्धा डास रोखायला विहिरींत गप्पी सोडते. पण म्हणून बाल्कनीत बादली भरून अळ्या वाढवू नका. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात अळीचा डास होतो.

दुकानात मिळणारे लालसर ट्युबिफेक्स किडे गटाराच्या गाळात वाढतात. त्यांच्याबरोबर रोगजंतूही टँकमध्ये येऊ शकतात, त्यामुळे ते टाळलेलेच बरे.

माशांच्या पिल्लांसाठी सर्वांत उत्तम आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. एक लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम खडे मीठ विरघळवा, चिमूटभर आर्टेमियाची अंडी टाका आणि एअरपंपाची नळी सोडा. आपल्या उबदार हवेत 24 ते 36 तासांत नारिंगी ठिपके तरंगू लागतात. पंप बंद करून बाजूला टॉर्च धरा, आर्टेमियाची जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. रिकामी टरफलं मात्र वर तरंगतात, ती टँकमध्ये जाऊ देऊ नका. पिल्लं बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊनच घाला. गोड्या पाण्यात ती काही तासांतच मरतात, तेव्हा मासे लगेच संपवतील एवढीच द्या.