पूर्ण नाव सांगा

(वाणगाव इथं तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

साथींनो, जयभीम. आदिवासी भावाबहिणींनो, जोहार.

मी गोदी कामगार. शिकलो मॅट्रिकपर्यंत. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. नावाआडनावावर बोलायला मला बोलावलंय. मी विद्वान नाही. जे अंगावर आलं आणि जे वाचलं, तेवढं सांगतो.

आज सकाळी डहाणू लोकलनं येत होतो. विरार सुटल्यावर समोरच्या गृहस्थानं नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव?" तेही सांगितलं. माझं आडनाव गावावरनं पडलेलं, शेवटी 'कर'. 'कर' बामणाला असतो, मराठ्याला असतो, आपल्यालाही असतो. त्याचं काही भागेना. "गाव कुठलं? गावात घर कुठल्या अंगाला?" केळवे रोड येईस्तोवर त्यानं मला सोलून काढलं. मग पेपर उघडून तोंडापुढं धरला तो धरलाच. आपल्या देशात नाव विचारतात ते झडती घेतल्यासारखं.

ही झडती जुनी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव ठेवायचा कायदाच केलाय. बामणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं. शूद्राचं मात्र किळस यावी असं. म्हणजे पोर पाळण्यात असतानाच त्याच्या कानात त्याची पायरी सांगायची. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं. पण गावागावांत ठेवलेली नावं तशीच चालत राहिली.

पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही वतनाच्या हुद्द्यांची आडनावं. हुद्दा गेला, आडनाव राहिलं, रुबाबही राहिला. महार पण वतनदारच होता की! गावाची राखण त्यानं केली, निरोप त्यानं पोचवले, हद्दीचा तंटा पडला तर साक्ष त्याची. त्याच्या हुद्द्याचं काय केलं? शिवी केली. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. त्यात 'नाक'नं संपणारी नावं महार सैनिकांची. 'नाक' म्हणजे नायक, असं जाणते सांगतात. गाव ज्याला अरेतुरे करत होतं, त्याच्या नावातच मान होता.

बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव पडलं ते भिवा रामजी आंबेडकर. आज तेच नाव घेतलं की आपली मान वर होते. एका माणसानं आपल्या हयातीत त्या आडनावाला हा अर्थ दिला.

आणि दुसऱ्यानं दिलेलं नाव त्यांनी मुकाट घेतलं नाही. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात कायद्यात 'हरिजन' शब्द घालायचा घाट घातला. दादासाहेब गायकवाड आणि बाबासाहेबांनी विरोध केला. ऐकेनात, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभागृहातून उठून गेले. शब्द गोड होता. पण आमचं बारसं करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, एवढाच सवाल होता.

अमेरिकेत माल्कम लिटलनं 'लिटल' टाकून 'एक्स' लावलं. ते आडनाव गुलामांच्या मालकाचं. आफ्रिकेतलं आपलं खरं आडनाव कळायची वाटच मालकांनी ठेवली नव्हती, म्हणून एक्स. तामिळनाडूत १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातीची आडनावं टाकायचं ठरलं, पेरियारांनी 'नायकर' टाकलं. आपल्याकडं १९५६ च्या धर्मांतरानंतर घराघरांत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, संघमित्रा जन्मल्या. आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी? २७ जुलै १९७८ ला ठराव झाला, आणि आपल्या वस्त्या पेटवल्या. पोचिराम कांबळ्यांना मारलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही जुन्या नावाला जोडून. नावात काय आहे, असं म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यात जाऊन विचारावं.

आता घरचं सांगतो. माझ्या आजाचं नाव उकिरड्यावरून होतं. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. शाळेच्या फॉर्मवर आजाचं नाव विचारत नाहीत, हे किती बरं, असं वाटायचं. मग आजीनं सांगितलं. त्याच्या आधीची दोन पोरं गेली होती. तिसरं जगावं म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि तेच नाव ठेवलं. मरणानं त्याच्याकडं ढुंकून बघू नये म्हणून. ती रीत इतर जातींतही होती. दगडू, धोंडू तिथंही सापडतील. पण तिकडं त्याचा दगडोबा व्हायचा, धोंडोपंत व्हायचा. माझ्या आजाला मरेस्तोवर कुणी 'राव' लावला नाही. आईनं मायेनं ठेवलेलं नाव गावानं शिवीसारखं वापरलं.

माझ्या खिशात एक अर्ज आहे. हा बघा, घडीवर फाटलाय. राजपत्रात आडनाव बदलायचा. सहा महिने घेऊन हिंडतोय. मुंबईत तीन खोल्या आडनाव सांगितल्यावर 'कालच गेल्या'. म्हणून कुणाला काही कळणार नाही असं आडनाव शोधून ठेवलं. पोटासाठी, निवाऱ्यासाठी जो नाव बदलतो त्याला मी दोष देत नाही. मी पण तोच आहे.

पण आज वाणगाव स्टेशनाबाहेर चहा घेत होतो. शेजारी आपलाच एक पोरगा, गळ्यात निळा रुमाल. त्यानं बापाच्या वयाच्या एका वारली माणसाला हाक मारली, "ए मंगळ्या, पाणी आण!" तो पोरगा इथंच बसलाय. नाव घेत नाही. मला गाडीतला पेपरवाला आठवला.

वारल्यांत मूल ज्या वारी जन्मलं त्या वारावरून नाव ठेवायची रीत आहे. सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या. आईच्या तोंडात ते नाव गोड. याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे याच 'या'सकट जगभर गेले, २०११ साली पद्मश्री झाले. पण इथल्या सावकारानं लग्नाच्या कर्जापायी माणसं लग्नगडी करून राबवली, तेव्हा त्याच्या तोंडात तोच 'या' चाबूक होता. त्याविरुद्ध वारली १९४५ साली उठला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी पडले. त्यांच्या मुलखात आपण सावकाराच्या तोंडानं हाक मारायची?

आपले आजे पाटलापुढं वाकून 'जोहार' घालायचे. म्हणून आपण तो शब्द टाकला. आदिवासी भाऊ तोच शब्द आज ताठ मानेनं म्हणतो. शब्द एकच, मान वेगळी.

एवढंच ठरवून उठू या. उद्यापासून वाडीवर, स्टेशनवर, शेतात काम करणाऱ्याला दादा म्हणायचं, काका म्हणायचं, त्याचं पूर्ण नाव विचारायचं, आणि ते जात हुंगायला विचारायचं नाही. पोराचं नाव शाळेत घालताना मास्तर काय लिहितो ते जवळ उभं राहून बघायचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव येतं, ते नीट लिहून घ्यायचं.

आणि हा अर्ज? तो मी देणार नाही. खोली शोधत राहीन. परतीच्या गाडीत कुणी पूर्ण नाव विचारलं, तर गावासकट, वाड्यासकट मीच आधी सांगेन. आणि मग त्याला विचारीन, तुमचं?

जयभीम. जोहार.