उंबरठ्याबाहेरची दहा पावलं



मी शिक्षिका होते. आधी जिल्हा परिषदेच्या आणि मग नवी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकवलं. शिक्षकांच्या वाट्याला शाळेबाहेरची जी कामं येतात, त्यांतलं जनगणनेचं काम माझ्याकडे तीनदा आलं. १९९१, २००१ आणि २०११. शाळा सांभाळून दुपारच्या उन्हात जिने चढायचे म्हणजे पाय भरून येतात, त्यामुळे या कामाला कंटाळणाऱ्या सहकाऱ्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. मला मात्र त्या कामानं माझं शहर दाखवलं. जनगणनेत लोकांनी सांगितलेली माहिती गोपनीय असते, ती आजही माझ्या तोंडून निघणार नाही. आज मी बोलणार आहे ते दारांबद्दल. कुठल्या वस्तीत दार कसं उघडतं, ते कोण उघडतं, आणि उंबरठा ओलांडला की पहिल्या दहा पावलांत काय लागतं, एवढंच.

आमच्या नवी मुंबईत येणारा पाहुणा हमखास चुकतो. सेक्टर, प्लॉट नंबर, पुन्हा सेक्टर. रस्ते रुंद, चौक गोल, सगळं एकसारखं. त्याला तसं वाटलं तर नवल नाही, कारण हे शहर आधी कागदावर उतरलं आणि मग जमिनीवर. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ठाण्याच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना 'मार्ग' या नियतकालिकात मांडली. ते वसवण्यासाठी १९७० साली सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली आणि वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे असे नोड, म्हणजे शहराचे भाग, आखले गेले. नकाशा एक होता, पण माणसं निरनिराळ्या कामांसाठी आली, निरनिराळ्या साली आली, आणि येताना प्रत्येकानं आपलं जुनं दार सोबत आणलं.

आमचंच सांगते. आम्ही गिरगावातल्या चाळीतून १९८३ साली वाशीला आलो. खाडीवरचा पूल होऊन दहा वर्षं झाली होती, पण रेल्वे यायला अजून नऊ वर्षं होती. गाडी आली ती १९९२ मध्ये. तोवर पुलावरची बस हाच आधार. आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची, समोरासमोर दोन दारं. चाळीची गॅलरी गेली म्हणून माझ्या सासूबाई पहिले सहा महिने उदास होत्या. मग त्यांनी जिन्याच्या वळणावर बसायला सुरुवात केली. दुपारी तिथं तांदूळ निवडायच्या. हळूहळू वरच्या मजल्यावरच्या दोघी खाली येऊन बसू लागल्या, आणि जिन्याची गॅलरी झाली. जुन्या वाशीच्या त्या बिनलिफ्टच्या इमारतींमध्ये हे बऱ्याच ठिकाणी घडलेलं मी पाहिलं आहे. जिना चढताना माणूस थांबतो, दम खातो, आणि थांबला की बोलतो.

१९९१ साली मला जनगणनेचा गट मिळाला तो वाशीला लागून असलेल्या जुहूगावात. घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, आणि तरी तिथं मी त्याआधी फक्त मासळी घ्यायला गेले होते, हे सांगताना आज वाईट वाटतं. जनगणनेत प्रगणकाला आपल्या भागाचा नजरी नकाशा काढावा लागतो. सेक्टरमध्ये तो अर्ध्या तासात होतो. गावठाणात मला दोन दिवस लागले. एका घराची पडवी दुसऱ्याच्या मागच्या दाराला भिडलेली, चुलतभावांची चार घरं एकाच अंगणात, आणि या घराचा क्रमांक कुठं संपतो व त्या घराचा कुठं सुरू होतो, हे त्या घरातल्या बायकांनाही आधी आपसांत ठरवावं लागे. दार वाजवायची पाळी एकदाही आली नाही, कारण दारं उघडीच होती. दाराबाहेर पहिल्या दहा पावलांत ओटा होता, जवळा वाळत घातलेलं प्लास्टिक होतं, जाळं विणणारा म्हातारा होता. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. एका घरी हळद होती आणि मांडवात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात होती. मी कागद काढायच्या आत माझ्यासमोर ताट आलं होतं.

त्या गावातल्या एका आजोबांनी मला बाहेर नेऊन हात लांब केला आणि म्हणाले, "ह्यो आमचा खार व्हता, बाय." त्यांचा हात होता तिकडं आमचा सेक्टर होता. मग त्यांनी मला खारजमिनीचं शास्त्र समजावून सांगितलं. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध घालायचा, आणि त्या बांधात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं ती बंद होते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की आमच्या सेक्टरजवळ सिडकोनं बांधलेला धारण तलाव हेच काम करतो. भरतीच्या वेळी पाऊस पडला की पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडपांतून खाडीत जातं. वाशीसारखा सखल भाग पावसाळ्यात कोरडा राहतो तो याच युक्तीवर. माझ्या मुलांना भूगोल शिकवताना मी नंतर दरवर्षी आधी उघाडी शिकवली आणि मग धारण तलाव.

त्या आजोबांच्या बोलण्यात आणखी एक गाव येत होतं, जासई. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या भागात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढं संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावाचा सेक्टरशी असलेला संबंध समजायला हे ठाऊक असावं लागतं. गावठाणात आज पाच-पाच मजले चढले आहेत. कुटुंब वाढलं, जागा वाढली नाही, म्हणून घर वर गेलं. त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात, आणि हा शब्द मला अगदी योग्य वाटतो. सेक्टरमधली माणसं त्या इमारतींकडे बघून नाक मुरडतात तेव्हा मी वाद घालते. जवळा आता ओट्यावर नाही, गच्चीवर वाळतो. पण तळमजल्याचा ओटा बहुतेकांनी सोडलेला नाही.

२००१ साली कोपरखैरणे. तिथली सिडकोची बैठी घरं म्हणजे माथाडींची वस्ती. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये मुंबईतून तुर्भ्याला आला, पुढं मसाला, धान्य, भाजी, फळं असे बाजार येत गेले, आणि मशीद बंदरच्या गोदामांमागे एकेका खोलीत वीस-वीस जण राहणारे सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडचे लोक बाजारामागून आले. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला होता. पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला हजेरी, भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना मिळाला, आणि नवी मुंबईत स्वतःच्या नावाचं दार मिळालं.

या दारावर सकाळी जाऊन उपयोग नसे. माथाडींची टोळी पहाटेच बाजारात जाते. माणसं घरी येतात ती दुपारी, अंघोळ करून जेवतात आणि झोपतात. तेव्हा दुपारचे चार ही माझी वेळ. समोरासमोरच्या घरांमधली गल्ली एवढी अरुंद की दोन्ही उंबरठ्यांवर बसलेल्या बायका आवाज न चढवता बोलतात. इथं दहा पावलं चाललात तर समोरच्याच्या स्वयंपाकघरात पोचाल. एका घरात मी कुटुंबप्रमुखाला त्यांचं जन्मस्थळ विचारलं, तर शेजारच्या घरातून उत्तर आलं, गाव, तालुका, जिल्ह्यासकट. शेजारी त्याच गावचा होता. मुंबईतल्या खोलीतली माणसं जशी गावावार राहत, तशीच गल्लीही बरीचशी गावावार बसली होती. नंतर ही घरंही वर चढली. तळाला आई-वडील, वर मुलगा, त्याच्यावर भाडेकरू. लोखंडी जिना बाहेरून घातला, त्यामुळे गल्ली आणखी अरुंद झाली, ऊन कमी झालं, आग लागली तर बंब आत कसा येणार याची मला अजूनही काळजी वाटते. पण तिथल्या एका मुलीनं मला सांगितलं होतं की परीक्षेच्या दिवसांत साऱ्या गल्लीचे टीव्ही रात्री नऊला बंद होतात. कुणी नियम केला नव्हता.

बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. तिथं मी कामासाठी गेले नाही, माझी एक मैत्रीण राहायची तिच्याकडे जात असे. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली ही वस्ती. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा घर वाढवता यावं. सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा, आणि असे तीन पुंजके मिळून आणखी एक मोठा चौक. सगळ्यात लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा आणि मोठा ७५ चा, एवढाच फरक. गरिबाची आणि बऱ्यापैकी पैसेवाल्याची घरं शेजारी यावीत म्हणून. आज तिथं जाल तर मूळची उतरत्या छपराची पांढरी घरं शोधावी लागतात. बहुतेकांनी पाडून तीन मजली बांधली, काचा लावल्या. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचं दुःख होतं. मला होत नाही. घरं बदलली पण चौक जवळजवळ तसेच राहिले. मैत्रिणीच्या दारातून दहा पावलं टाकली की आपण सात घरांच्या मध्ये उभे असतो, आणि सातांतल्या एका तरी खिडकीतून कुणी विचारतंच, "आज इकडे कशा?" चौक कुणा एकाचा नाही, म्हणून कुणी बळकावला नाही. आणि तो सातांचाच आहे, म्हणून घाण पडली नाही. माझ्या मते या सबंध शहरात आखणाऱ्याला माणूस सर्वांत नीट कळला तो इथं.

याच शहरात तुर्भे, दिघा, इलठणपाडा इथल्या झोपडपट्ट्या एमआयडीसीच्या औद्योगिक पट्ट्याच्या कडेनं वाढल्या. कारखान्यात, खाणीत कामाला आलेल्यांना नकाशात घर नव्हतं. तिथं दाराबाहेरची दहा पावलं पाण्याच्या पिंपांची असतात. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण असलेल्या शहरात बाईचा दिवस नळाच्या वेळेभोवती फिरावा, हे मी स्वीकारू शकत नाही.

२०११ साली सीवूड्सकडचे उंच टॉवर. आधी फाटक, तिथं वही, नाव, वेळ, सही. मग इंटरकॉम. मग लिफ्ट. मग दाराला साखळी. मी मुलाखतीला बसायची ते बऱ्याचदा लॉबीतल्या सोफ्यावर. दाराबाहेर दहा पावलं गुळगुळीत फरशी, चार बंद दारं आणि चपलांचं कपाटसुद्धा ठेवायला बंदी. मला राग आला होता, हे खरं आहे. पण चौदाव्या मजल्यावर एकटी राहणारी, नोकरी करणारी एक तरुण मुलगी मला म्हणाली, "मॅडम, माझ्या गावात मी किती वाजता घरी आले हे सगळ्यांना माहीत असायचं. इथं कुणालाच नाही. मला पहिल्यांदा झोप लागली." तेव्हापासून टॉवरबद्दल बोलताना मी जपून बोलते. उघड्या दाराची किंमत कुणाला मोजावी लागते, हे मला त्या मुलीनं शिकवलं. तिच्या खिडकीतून खाडी दिसत होती. ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी उतरले होते आणि त्यांच्यापलीकडे एक छोटी होडी होती, बहुधा करावे गावाकडची. ती रोज ती होडी बघायची. होडीतल्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं.

एक गोष्ट सांगून थांबते. २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची गणना असते. २००१ साली माझ्याकडे तुर्भ्याच्या बाजाराचा भाग होता. दोन शिक्षक, एक बॅटरी आणि कागदांचा गठ्ठा. गाळे बंद, ट्रकची रांग, कांद्याच्या सालींचा पायाखाली आवाज. गोण्यांच्या थप्पीच्या आडोशाला माणसं झोपली होती. त्यांना उठवणं हेच या कामातलं सर्वांत कठीण. एका वयस्कर माणसाजवळ मी वाकले. त्यानं जमिनीवर गोणपाट अंथरलं होतं, उशाला पिशवी, अंगावर गमछा. आणि गोणपाटाच्या पायथ्याशी, एक वीत अंतर सोडून, त्याच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, टाचा आत, अंगठे बाहेर. माझ्या सहकाऱ्यानं पुढं पाऊल टाकलं. मी त्याचा हात धरला, आम्ही दोघांनी आमच्या चपला त्या चपलांच्या शेजारी काढल्या, आणि मग मी त्या माणसाला हाक मारली.