तांब्याच्या ओतकामातला ‘कोल्ड शट’
ओतलेल्या तांब्याच्या भागावर कधीकधी गोलसर कडांची बारीक रेघ दिसते. तडा वाटतो, पण असतो तो ‘कोल्ड शट’. साच्यात दोन बाजूंनी आलेला वितळलेल्या धातूचा रस भेटला, पण एकजीव झाला नाही, की तो तयार होतो. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. मात्र ते उष्णता इतक्या झपाट्याने सोडते, की पातळ भागात रसाचे तोंड लगेच थंडावते आणि त्यावर ऑक्साईडची साय धरते. म्हणून रस वितळबिंदूहून शंभरेक अंश जास्त तापलेला हवा. फाजील तापवला तर वायू शोषून पोकळ्या पडतात. लॅडल, म्हणजे रस ओतण्याचे भांडे, आधी तापवा, रसाचे मार्ग रुंद ठेवा, हवेला वाट द्या. आणि मुख्य म्हणजे धार मध्येच तोडू नका. विजेच्या जोडणीचा भाग असेल, तर रेघ घासून लपवू नका. तो पुन्हा वितळवा.